तीन दिवस सूर्य उलटा फिरला

सेनगुप्ता बाईंनी फेब्रुवारीच्या कागदांचा गठ्ठा डाव्या हातात धरला आणि उजव्या अंगठ्याने त्याच्या कडा भर्रकन सोडल्या. मग थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सोडल्या.

"हे काय?" त्या हिंदीत म्हणाल्या. "मध्ये तीन दिवस तुमचा सूर्य उलटा फिरलाय."

समितीतले बाकीचे दोघे हसले. मीही हसले. मला वाटलं बाई थट्टा करतायत, आणि थट्टा करतायत म्हणजे खूश आहेत, आणि खूश आहेत म्हणजे आपलं काम झालं. माझं डोकं तेव्हा असंच पळायचं, उतारावरच्या सायकलीसारखं.

काम म्हणजे माझी नोकरी. राष्ट्रीय खगोल संस्थेचं हे डोंगरावरचं सौर केंद्र, तिथे मी सहा वर्षं हंगामी निरीक्षक होते. ही समिती दोन गोष्टी ठरवायला आली होती. केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, आणि चालू ठेवायचं तर निरीक्षकाची जागा कायम करून मला द्यायची की नाही. पाडव्याला कायम होऊनच येते, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक. माझ्या हट्टापायी त्यांनी दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. "एमएस्सी करून कागदावर ठिपके काढतेस," एवढंच ते म्हणायचे, पण मी सुट्टीला गेले की रोज म्हणायचे.

ठिपकेच ते. रोज सकाळी घुमट उघडायचा, दुर्बिणीच्या मागे बसवलेल्या फळीवर कागद लावायचा, त्या कागदावर वीतभर सूर्य पडायचा, आणि त्यावर जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीने जसेच्या तसे गिरवायचे. खाली तारीख, वेळ, आणि काढणाऱ्याची आद्याक्षरं. एकोणीसशे एकोणसत्तरपासून एक दिवस खंड नाही. हा नियम किंजवडेकर सरांचा. ते पहिल्या दिवसापासून तिथे होते, आणि मला त्यांनीच शिकवलं.

"जे पडलंय ते गिरवायचं," ते म्हणायचे. "डोकं चालवायचं नाही. ढग आला तर वर्तुळ रिकामं ठेवायचं, खाली 'ढगाळ' लिहायचं, आद्याक्षरं घालायची. रिकामं वर्तुळ हेसुद्धा निरीक्षणच आहे, पोरी."

मी नवी असताना एकदा अर्धा सूर्य काढून झाला आणि ढग आला. राहिलेले दोन डाग मी आठवणीने काढून टाकले. त्यात काय मोठं, पाच मिनिटांपूर्वी तर बघितले होते. सरांनी कागद पाहिला आणि पुढचे पंधरा दिवस मला पेन्सिलीला हात लावू दिला नाही. मी घुमटातली जाळी झाडत बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला तोही तेव्हाच.

तर बाई म्हणाल्या, सूर्य उलटा फिरलाय. आणि त्यांनी गठ्ठा माझ्याकडे दिला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या फळीवर सूर्य आरशातल्यासारखा पडतो. आकाशातलं डावं कागदावर उजवीकडे. त्यामुळे आमच्या कागदांवर डाग रोज थोडे थोडे उजवीकडून डावीकडे सरकतात. त्या फेब्रुवारीत डागांचा एक भलामोठा समूह आला होता. आमचे दुर्बिणीचे मेकॅनिक इस्माईलभाई त्याला म्हैस म्हणायचे, कारण तो ऐसपैस पसरून मुक्काम ठोकून होता. मी कडा सोडून बघितल्या. दहा तारखेपर्यंत म्हैस शहाण्यासारखी उजवीकडून डावीकडे येत होती. अकराला उडी मारून एकदम डाव्या अंगाला गेली. बारा आणि तेराला मागे मागे उजवीकडे सरकली. चौदाला पुन्हा आपल्या जागेवर, आपल्या वाटेने.

अकरा, बारा आणि तेरा. या तीन कागदांवर माझी आद्याक्षरं होती.

 आणि त्या तीन दिवसांत मी म्हैस पाहिलीच नव्हती. आभाळ भरून होतं. सर रजेवर होते, त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं पुण्यात. मी तिन्ही दिवस सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत घुमटाखाली बसून होते, एखादी फट मिळेल म्हणून. नाही मिळाली. मी तीन रिकामी वर्तुळं ठेवली होती, खाली 'ढगाळ' लिहून. आता त्या वर्तुळांत डाग होते, माझ्यासारखीच तिरकी छटा देऊन, माझ्यासारखीच आद्याक्षरं घालून. हुबेहूब.

"हे तुम्हीच काढलेत ना?" बाईंनी विचारलं.

मी तोंडाळ आहे. लहानपणापासून. आमच्या घरात म्हणायचे, शैलाच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी मात्र मी मान वर केली, बाईंच्या मागे उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, आणि सरांनी डोळे मिटून अगदी हलकेच मान हलवली. आत्ता नको, अशी. मला त्यांचं ऐकायची सवय होती.

"बघून सांगते," मी म्हणाले.

"उद्या सकाळी सांगा," बाई म्हणाल्या, आणि गठ्ठा स्वतःच्या बॅगेत ठेवला.

दुपारी मी सरांच्या क्वार्टरवर गेले. काकू आतल्या खोलीत डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पडल्या होत्या. सर ओट्याजवळ उभे राहून शेंगा सोलत होते. मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

"सर, ते कागद माझे नाहीत."

"माहीत आहे."

"कोणीतरी माझी वर्तुळं भरलीत."

"मी भरली," ते म्हणाले, आणि आणखी एक शेंग सोलली. "बस जरा."

मी बसले नाही. ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता. जानेवारीतच त्यांनी समितीला अहवाल पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, डिसेंबर ते मार्च, एकतीस वर्षांत एकही वर्तुळ रिकामं नाही. तेच केंद्राचं बळ होतं. पावसाळ्यात कोणाचंही रिकामं जातं, पण कोरड्या दिवसांत आपलं जात नाही.

"मुख्यालयात सगळे म्हणतात, उपग्रह रोज फोटो काढतो, पेन्सिली कशाला हव्यात. उपग्रह एक दिवस चुकत नाही, शैला. मग आपण नेमकं याच वर्षी तीन दिवस चुकायचं? पुण्याहून आलो, कागद बघितले, आणि..." त्यांनी हात झटकले. टरफलं खाली पडली. "कॉम्प्युटरवर परदेशी केंद्रांचे फोटो मिळतात. तीन छापून घेतले, आणि नव्या कागदांवर काढले."

"पण माझी आद्याक्षरं?"

"हजेरीत मी रजेवर आहे. माझी कशी घालणार?"

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. मग मी मूर्खासारखं भलतंच विचारलं. "आणि उलटे कसे काढलेत? तुम्ही?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकतीस वर्षं समोर दिसलं ते गिरवलं गं. फोटो समोर ठेवला, तर हाताने तोही तसाच गिरवला. उलटवायला लागतं हे डोक्यातच आलं नाही. खोटं काढायची सवय नव्हती हाताला."

ते हसले. मीही हसले. मला त्यांची खरंच कीव आली. साठीला आलेला माणूस, आयुष्यात एकदा खोटं करायला गेला आणि तेही जमलं नाही. माझी चूक झाली ती इथे, त्या हसण्यात.

"माझे मूळ कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते नाहीत आता."

"माझी वही आहे," मी म्हणाले. माझ्याकडे एक खिशातली वही असायची. त्यात मी त्या तीन दिवसांची दर अर्ध्या तासाची नोंद केली होती. आठ, ढग. साडेआठ, ढग. नऊ, ढग, जरा पातळ. पाच वाजेपर्यंत तेच. इस्माईलभाईंनी आणलेल्या चहाचा गोल डागसुद्धा होता एका पानावर. "ती बाईंना दाखवते. तुमचं नाव घेत नाही. एवढंच म्हणते की हे माझं नाही."

"मग ते विचारणार नाहीत, कोणाचं ते? तिघंच तर आहोत इथे." सर माझ्यासमोर स्टुलावर बसले. "शैला, मीच सांगतो. उद्या सकाळी, बाईंना, सगळं. पण माझ्या तोंडून जाऊ दे. तुझ्या तोंडून गेलं तर मी चोर ठरतो. मी सांगितलं तर निदान कबूल केलं असं होईल."

"खरंच सांगाल?"

"तुला मी आजवर खोटं सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. म्हणून तर मी वही काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनीच मागितली. "माझ्याजवळ दे," म्हणाले, "बाईंसमोर ठेवतो, म्हणजे तुझ्यावर किंतु राहणार नाही." मी निघाले तेव्हा आतून काकूंनी विचारलं, "कोण, शैला का? जेवून जा गं." मी म्हटलं, "उद्या येते काकू, पेढे घेऊन." आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमटाखालच्या खोलीत तीन खुर्च्यांवर समिती, समोर आम्ही दोघं उभे. बाईंनी तीन कागद टेबलावर मांडले. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं, कबुली द्यायची म्हणून.

"मी त्या दिवसांत रजेवर होतो," सर म्हणाले. "आल्यावर कागद तपासायला हवे होते, ते राहिलं. ती माझी चूक. मुलगी मेहनती आहे. तीन दिवस आभाळ आलं, एकटी होती, घाबरली असेल. जागा कायम व्हायचीय, वर्तुळं रिकामी कशी ठेवायची, असं वाटलं असेल. कुठूनतरी फोटो बघून काढले. अनुभव कमी, म्हणून उलटे काढले."

मी ऐकत होते, पण ते माझ्याबद्दल चाललंय हे कळायला मला वेळ लागला. मला वाटत होतं, ही प्रस्तावना आहे, आता ते म्हणतील, पण.

"तिला क्षमा करा," सर म्हणाले. त्यांनी खरोखर हात जोडले. "तिच्यासाठी मी हात जोडतो."

"सर," मी म्हणाले. "वही."

बाईंनी सरांकडे पाहिलं.

"सर, वही दाखवा ना. काल दुपारी दिली ती."

त्यांनी टेबलावरच्या कागदांकडे बघत उत्तर दिलं. "माझ्याकडे तिची कुठलीही वही नाही."

मग मला कंठ फुटला. जे काल बोलायला हवं होतं ते सगळं मी आज बोलले, हिंदी, इंग्रजी, मराठी, जे तोंडात येईल त्यात. सरांनीच काढलेत, सरांनीच कबूल केलं, काकूंना विचारा, त्या आत होत्या. सर मान खाली घालून उभे होते. जितका मी आवाज चढवत होते तितके ते बिचारे दिसत होते.

सेनगुप्ता बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "काल मी विचारलं, हे तुमचं का. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. आणि मला एक सांगा, ज्या माणसाने एकतीस वर्षं ही फळी सांभाळली, तो डावं-उजवं चुकेल? ही चूक नवख्या माणसाचीच आहे."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कोण ऐकणार? ज्याने एकतीस वर्षं ही फळी सांभाळली तोच हे चुकू शकतो. नवख्याने दहा वेळा तपासलं असतं.

केंद्र चालू राहिलं. माझी मुदत वाढवली नाही, आणि माझ्या कागदपत्रांवर 'निरीक्षणात फेरफार' असा शेरा मारला. असा शेरा घेऊन खगोलशास्त्रात कोणी कुठे जात नाही. एक मार्चला इस्माईलभाई मला जीपने खाली एसटी स्टँडवर सोडायला आले. निम्मा घाट उतरल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"मॅडम," मग म्हणाले, "तिन्ही दिवस तुम्ही घुमटाखाली होतात. मीच चहा आणला. आभाळ गच्च होतं. मला कोणी विचारलंच नाही. आता परत फिरू का? मी सांगतो."

"रिटायर व्हायला सहा वर्षं राहिलीत तुमची," मी म्हणाले. "चला, गाडी चुकेल."

ट्रंक खाली ठेवताना ते म्हणाले, "साहेब असे नव्हते." 

अण्णांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पाडव्याला त्यांनी गुढी उभारली, मला नैवेद्य दाखवायला सांगितलं, आणि ठिपक्यांचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढे मी कराडला शाळेत लागले, गणित शिकवायला. लग्न झालं, मुलगी झाली. सूर्याकडे मी नंतर बाकीचे बघतात तेवढंच बघितलं, वाळवण घालताना.

सर मात्र दर दिवाळीला कार्ड पाठवायचे. 'चि. शैलास अनेक आशीर्वाद.' खाली पत्ता, फोन नंबर. बाकी एक अक्षर नाही. पहिली दोन कार्डं मी फाडली. नंतर फाडायचं सोडलं. हळूहळू मी त्यांना माफ वगैरे नाही, पण जरा समजून घेतलं होतं. मनात धरून चालले होते की माझे कागद आणि ती वही त्यांनी त्याच दिवशी चुलीत घातली. घाबरलेला माणूस जाळतो. केसाने गळा कापला त्यांनी माझा, पण भीतीपोटी, एका दिवसाच्या भरात. असं म्हटलं की मला झोप लागायची.

गेल्या महिन्यात शाळेच्या कॉम्प्युटरवर नववीसाठी सूर्याची चित्रं शोधत होते. संस्थेने केंद्राचे सगळे कागद आता वेबसाइटवर ठेवलेत, पहिल्या दिवसापासूनचे. वर्ष निवडा, महिना निवडा, तारीख निवडा. बघायचं नाही असं ठरवत ठरवत मी दोन हजार सालचा फेब्रुवारी उघडला, आणि अकरावर क्लिक केलं.

वर्तुळ रिकामं होतं. खाली 'ढगाळ'. माझं अक्षर, माझी आद्याक्षरं, खरी.

बारा, रिकामं. तेरा, रिकामं. तेराच्या पाठोपाठ आणखी एक पान होतं. माझ्या वहीची पानं, ओळीने चिकटवलेली. आठ, ढग. साडेआठ, ढग. चहाचा गोल डागसुद्धा. आणि कोपऱ्यात किंजवडेकर सरांच्या बारीक अक्षरात, 'मूळ कागद पुन्हा लावले. पुरावा जोडला. ९ मार्च २०००.'

मी तारीख दोनदा वाचली. नऊ मार्च. मी डोंगर उतरले त्याला आठ दिवस झाले होते. जागेसाठी मुलाखती वीस मार्चला होत्या, पेपरात जाहिरात मी स्वतः वाचली होती. एका ओळीचं पत्र बाईंना गेलं असतं तर मी परत वर गेले असते.

म्हणजे जाळलं काहीच नव्हतं. मी वही मागत होते, ते हात जोडत होते, तेव्हा ती त्यांच्या कपाटात होती. समिती गेली, मी गेले, सगळं शांत झालं, आणि मग त्यांना त्या मालिकेत तीन खोटे कागद आठ दिवसांवर सहन झाले नाहीत. मी मात्र त्यांना चोवीस वर्षं सहन झाले.

घरी येऊन मी कार्डावरचा नंबर लावला. सर आता ब्याऐंशीचे असतील. फोन त्यांनीच उचलला.

"सर, मी शैला दुधाणे."

 ते म्हणाले, "बघितलंस वाटतं."

"बघितलं."

"मला वाटायचंच, तू कधीतरी बघशील." आवाज म्हातारा झाला होता, पण त्यात कुठेतरी समाधान होतं. शिकवलेलं बरोबर आलं की त्यांचा आवाज असा व्हायचा. "आता बरोबर आहेत ना कागद? तिन्ही?"

मी चोवीस वर्षं ठरवून ठेवलं होतं त्यांना काय काय बोलायचं ते. 

"कागद बरोबर आहेत, सर," मी म्हणाले.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगू लागले. मी फोन टेबलावर ठेवला आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले. परत आले तेव्हाही ते बोलतच होते.